तामुराबाईंची शेगडी

वांगं निखाऱ्यावर ठेवलं की आधी साल तडकते, मग आतलं पाणी गळून चुरचुरतं, आणि त्यानंतर जो वास सुटतो तो जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला झोपेतसुद्धा ओळखू येतो. वसुधा झांबरेला तो आला तेव्हा ती न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी आपल्या टाउनहाउसमध्ये डिशवॉशर भरत होती. १९८५चा जुलै होता. लग्न होऊन अमेरिकेत आल्यापासून हा वास तिच्या नाकाला शिवला नव्हता. इथे ती वांगी ओव्हनमध्ये ठेवायची. ती शिजायची, लोळागोळा व्हायची, पण भाजली काही जायची नाहीत.

हातातली ताटली तशीच ओट्यावर ठेवून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि पायातल्या घरच्या सपातांसकट वासामागे निघाली.

बीचवुड नावाच्या त्या वसाहतीत घरं एकमेकांना चिकटून ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या मागे सिमेंटचं एवढंसं पॅटिओ आणि त्यापलीकडे हिरवळीची पट्टी. दोन घरं सोडून पलीकडच्या पॅटिओवर एक बुटकी, ताठ पाठीची जपानी बाई स्टुलावर बसली होती. ती याच वसंतात राहायला आली होती. दारावरच्या पाटीवर तामुरा असं नाव होतं, येता-जाता हात हलवण्याएवढी ओळख होती, त्यापलीकडे काही नाही. तिच्यासमोर मातीची एक गोल, ठेंगणी शेगडी होती. खाली हवेसाठी छोटंसं दार, वर तारेची जाळी, जाळीवर हाताच्या बोटांसारखी सडसडीत वांगी. डाव्या हातातल्या कागदी पंख्याने ती शेगडीच्या दाराशी वारा घालत होती, आणि तोही असा, की निखारा फुलावा पण राख उडू नये.

वसुधा हिरवळीवर थांबली. बोलायला आली खरी, पण काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

"तुम्हाला धुराचा त्रास होतोय का?" त्या बाईंनी इंग्रजीत विचारलं. आवाजात माफी नव्हती, नुसती चौकशी होती.

"नाही," वसुधा म्हणाली. "मला एक वांगं मिळेल का?"

तामुराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन दुसरं स्टूल आणलं. बांबूच्या टोकदार काडीने त्यांनी एका वांग्याची साल देठापासून खालपर्यंत अशी सोलली, की जणू पायमोजा काढावा. तांब्याच्या किसणीवर आलं किसून वर घातलं, सोया सॉसचे थेंब टाकले आणि बशी पुढे केली. आलं आणि सोया वसुधाला परके होते, पण खालचं वांगं ओळखीचं होतं. त्याला किंचित राखही लागली होती. तिने बशी पुसून खाल्ली.

"आमच्याकडे हे कपाशीच्या काड्यांवर भाजतात," ती म्हणाली. "मग लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचतात. मिरच्या, लसूण, कांद्याची पात."

"उद्या या," तामुराबाई म्हणाल्या. "मिरच्या तुम्ही आणा. ठेचायचं भांडं माझ्याकडे आहे."

ते भांडं म्हणजे सुरिबाची. बाहेरून साधं तपकिरी मातीचं खोलगट भांडं, पण आतून सगळीकडे कंगव्याने ओढल्यासारख्या बारीक धारदार रेघा. त्यात दांडा ठोकायचा नाही, गोल फिरवायचा, की तीळ असो, मासा असो, रेघांवर घासून त्याची चटणी होते. दांडा लाकडाच्या जाड फांदीचा होता, सालीच्या गाठी अजून अंगावर असलेला. भांड्याला बूड लहान, त्यामुळे ते फिरतं. एकीने वाटायचं आणि दुसरीने दोन्ही हातांनी कड धरून ठेवायची.

"माझी आई वाटायची आणि मी धरायची," तामुराबाई म्हणाल्या. "प्रत्येक जपानी मुलगी आधी हे धरायला शिकते. हात सैल पडला की डोक्यात दांडा."

त्या दिवशी वसुधाने दांडा फिरवला आणि तामुराबाईंनी भांडं धरलं. मिरच्यांच्या ठसक्याने दोघी खोकल्या. तिखटाने तामुराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मग हे दर आठवड्याचं झालं. तामुराबाईंच्या स्वयंपाकघरात वसुधाला माहेरी गेल्यासारखं वाटायचं, खरं तर तिथली एकही वस्तू तिच्या माहेरची नव्हती. भिंतीवर लाकडाचं एक सपाट झाकण टांगलेलं होतं, पातेल्याहून लहान. ते पातेल्यावर ठेवायचं नसून पातेल्याच्या आत, थेट भाजीवर ठेवायचं, म्हणजे थोडक्या पाण्यात मुळ्याच्या फोडी न मोडता शिजतात. एक लाकडी पेटी होती, सुताराच्या रंध्यासारखी पात्याची, उलटी बसवलेली. तिच्यावर वाळवून दगड झालेला मासा घासायचा, की खालच्या खणात गुलाबी कपचे जमतात, आणि त्या कपच्यांचा कढ हा रोजच्या आमटीचा जीव. कोपऱ्यात भात शिजवायचं बिडाचं भांडं होतं, मध्ये चुलीवर टेकायला कड असलेलं, वर वीटभर जाडीचं लाकडी झाकण.

"पहिल्यांदा आच मंद, मग भडका," तामुराबाई सांगत. "आणि मग बाळ रडलं तरी झाकण उघडायचं नाही. आई म्हणायची. तिच्या आईने तिला सांगितलेलं."

"आणि तुम्ही रडलात की?"

"रडत राहायचे. भात छान व्हायचा."

या गोष्टी इथवर कशा आल्या, हे त्यांनी एका दुपारी शेंगा सोलताना सांगितलं. त्यांचे आई-वडील कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीची शेती करायचे. हिसाको, म्हणजे या तामुराबाई, तिथेच जन्मलेल्या. बेचाळीस साली, जपानशी युद्ध चालू असताना, त्या वीस वर्षांच्या होत्या. सरकारी हुकूम निघाला, की जपानी रक्ताच्या सगळ्यांनी घरदार सोडायचं आणि दोन हातांत मावेल एवढंच घेऊन निघायचं. आईने हिवाळी कोट मागे ठेवला आणि सुरिबाची गोधडीत गुंडाळून उचलली. शेगडी, भाताचं भांडं, माशाची पेटी असं अवजड सामान शेजारच्या पोर्तुगीज गवळणीने आपल्या गोठ्यात, गवताखाली लपवून ठेवलं.

"ॲरिझोनाच्या वाळवंटात लाकडी बराकी होत्या. तारेचं कुंपण. जेवण मोठ्या हॉलमध्ये, रांगेत. आईला स्वतःची चूल नव्हती. तीन वर्षं तिने एकदाही आमच्यासाठी भात रांधला नाही. वडील पुरुषांच्या टेबलावर जेवायचे, भाऊ मित्रांबरोबर. आम्ही घर म्हणून एकत्र बसलोच नाही कधी. उपाशी कोणी नव्हतं. पण तुम्हाला सांगते, घर असं मोडतं."

वसुधा शेंगा सोलायची थांबली होती.

"एकदा कुणीतरी आईला सुका मासा दिला. तिने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून शेगडी केली आणि बराकीमागे पेटवली. पहारेकरी आला. विझव म्हणाला. आईला इंग्रजी फारसं येत नसे. त्या दिवशी तर मुळीच येत नव्हतं. ती वारा घालत राहिली. तो ओरडला, बंदूक सरसावून उभा राहिला. मासा भाजून होईपर्यंत ती उठली नाही. मग तिने त्याचा एक तुकडा काढून त्यालाही दिला."

"त्याने घेतला?"

"घेतला. भुकेला पोरगाच होता तो." तामुराबाईंनी साली गोळा केल्या. "सुटल्यावर आम्ही इकडे जर्सीला आलो, दक्षिणेकडे भाज्या गोठवायच्या कारखान्यात कामाला. शेत गेलं होतं, घर गेलं होतं. गवळणीने मात्र सगळं सामान रेल्वेने पाठवलं. शेगडीला वाटेत तडा गेला, म्हणून तिला ही तार बांधली आहे."

तक्रार आली ती ऑगस्टच्या सुरुवातीला.

वसाहतीची एक असोसिएशन होती आणि तिचं पाच जणांचं बोर्ड होतं. बोर्डाचे अध्यक्ष वॉल्टर ब्रॅडी विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. पहिल्या हिवाळ्यात वसुधाच्या नवऱ्याच्या, गुरुदत्तच्या गाडीवरचं बर्फ त्यांनी आपणहून उपसलं होतं, आणि त्यांनीच नाव सुचवल्यामुळे गुरुदत्त बोर्डाचा सेक्रेटरी झाला होता. बीचवुडमधला पहिला भारतीय. गुरुदत्तला याचा अभिमान होता आणि तो त्याने लपवलाही नव्हता.

"मिसेस तामुराच्या शेगडीचा विषय येणार आहे," एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला. "नियम करायचा आहे. कोळशाच्या मातीच्या शेगड्या बंद. फायर हॅझर्ड म्हणून."

"आणि ब्रॅडींचं बार्बेक्यू?"

"कारखान्यात बनलेल्या धातूच्या ग्रिलला सूट आहे."

"मे महिन्यात त्यांच्याच ग्रिलने कुंपण पेटलं होतं. रुपालीने पाण्याचा पाइप नेऊन दिला."

"ट्रू," तेरा वर्षांची रुपाली ताटातून मान वर न करता म्हणाली. "इट वॉज काइंड ऑफ ऑसम."

"मुद्दा तो नाही," गुरुदत्त म्हणाला. "लोकांना वासाचा त्रास होतो, वसू. मासे भाजतात त्या. आपलं घर दोनच दारं सोडून आहे. लोक म्हणतात, आता इंडियन्सही सुरू करतील."

फोडणी देताना खिडक्या लावायच्या, पंखा फुल करायचा, सगळ्यांचे कोट आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालायचे, घरात सुके बोंबील आणायचे नाहीत, हे नियम गुरुदत्तने घातले होते आणि वसुधाने ते पाळले होते. त्यामागचं कारण तिलाही ठाऊक होतं. बहात्तर साली, रुपाली महिन्याभराची असताना, पहिल्या भाड्याच्या घराच्या मालकाने त्यांना बाहेर काढलं होतं. जिन्यात मसाल्याचा वास येतो म्हणून. कुणाची तरी गाडी मागून आणून, बर्फ पडत असताना, गुरुदत्तने एकट्याने सामान भरलं होतं. त्या दिवशी त्याने मनाशी गाठ मारली, की पुन्हा कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही.

"तुम्ही मत काय देणार?" तिने विचारलं.

"वॉल्टरने मला उभं केलंय."

"मी मत विचारलं."

त्याने पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

मीटिंग गुरुवारी क्लबहाउसमध्ये झाली. घडीच्या खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. तामुराबाई निळा सूट घालून, पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. वसुधा त्यांच्या शेजारी. गुरुदत्त समोरच्या टेबलाशी.

ब्रॅडींनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की कुणाच्या संस्कृतीबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. घरं लाकडी आहेत, भिंती सामाईक आहेत. हे सगळं मिसेस तामुरांच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

तामुराबाई उभ्या राहिल्या. उभ्या राहूनही त्या बसलेल्या माणसांहून फारशा उंच नव्हत्या.

"तुमच्याच सुरक्षिततेसाठी, हे मला एकदा सांगण्यात आलं आहे," त्या म्हणाल्या. "मी वीस वर्षांची होते. मी या देशात जन्मले होते आणि तेव्हा मी ऐकलं. सामान बांधलं, बसमध्ये बसले, तीन वर्षं रांगेत जेवले. आता मी त्रेसष्ट वर्षांची आहे. नियम करायचा तर तुम्ही करा. मी रविवारी मासा भाजणार आहे." आणि त्या खाली बसल्या.

वसुधाही उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"मेमध्ये कुंपण ज्या ग्रिलने पेटलं, त्याला सूट कशी?"

"तो अपघात होता," ब्रॅडी म्हणाले.

"या शेगडीने आजवर तोही केलेला नाही."

मागे कुणीतरी हसलं. ब्रॅडींचे कान लाल झाले आणि त्यांनी मत मागितलं. दोन हात वर झाले. तिसरा त्यांचा स्वतःचा होता. चौथा, सगळ्यांत शेवटी, नजर कागदावर ठेवून, गुरुदत्तने वर केला.

शनिवारी वसुधा तामुराबाईंकडे गेली.

"उद्या शेगडी माझ्या पॅटिओवर पेटवू," ती म्हणाली.

तामुराबाईंनी तिला निरखलं. "तुमचा नवरा बोर्डावर आहे."

"म्हणूनच. पहिली नोटीस तुमच्या नावाने निघू द्यायची नाही."

"तुमच्या घरात भांडण होईल."

"व्हायला हवं होतं ते आधीच. राहून गेलं."

रविवारी दुपारी, सगळी वसाहत मागच्या हिरवळीवर असताना, दोघींनी शेगडी उचलली. ती दिसायला लहान असली तरी चांगली जड होती. मधल्या दोन्ही घरांसमोरून, कुणाची नजर न चुकवता, त्यांनी ती वाहून आणली. रुपाली मागून वांग्यांची टोपली, जाळी, सुरिबाची आणि पंखा घेऊन आली.

"मॉम, डॅड इज गोइंग टू फ्रीक आउट," ती म्हणाली.

"होऊ दे. ती जाळी नीट धर."

कोळसे फुलले. तामुराबाईंनी आधी मीठ चोळलेले बांगडे ठेवले, आणि बांगड्याची चरबी निखाऱ्यावर पडून धुराचा एक दणदणीत लोट उठला. वसुधाने मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या आणि आत गॅसवर लसणाची फोडणी दिली. पंखा लावला नाही. मग बाहेर येऊन भाजून झालेली वांगी सोलून सुरिबाचीत घातली. भांडं रुपालीने धरलं.

ब्रॅडी आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या ग्रिलचा चिमटा तसाच होता. घाईत विसरले असावेत.

"मिसेस झांबरे, गुरुवारी काय ठरलं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग मला तुम्हाला नोटीस द्यावी लागेल."

"द्या. नाव नीट लिहा. वसुधा झांबरे."

तेवढ्यात पुढच्या दारी गाडी धूत असलेला गुरुदत्त ओल्या हातांनी घरातून मागे आला. त्याने धूर पाहिला, बांगडे पाहिले, ब्रॅडींना पाहिलं. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी हातातल्या प्लेटा खाली ठेवल्या होत्या.

"वसू, हे विझव," तो मराठीत, हळू आवाजात म्हणाला. "आत चल. आत बोलू."

"आत मी पुष्कळ वर्षं होते," ती म्हणाली. "खिडक्या लावून. आता इथेच बोला."

"लोक बघतायत."

"बघू द्या की. त्या घरमालकाने आपल्याला काढलं तेव्हाही लोक जिन्यात उभे राहून बघत होते. तेव्हा तुम्ही चूक केली होती का काही?"

"नाही."

"मग आपण शिक्षा कसली भोगतोय अजून? आणि आता ती तामुराबाईंनाही द्यायची?"

तिचा आवाज चढला नव्हता. हात दांड्यावर होता आणि दांडा थांबला नव्हता. गुरुदत्तची नजर शेगडीवर गेली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्याची आई दिवेलागणीला अंगणात शेगडी पेटवायची, आणि तिचा धूर सबंध चाळीत जायचा, तसा सगळ्या चाळीचा धूर त्यांच्या घरात यायचा. त्याबद्दल कुणी कुणाला कधी बोललं नव्हतं.

"ही तार कसली?" त्याने तामुराबाईंना इंग्रजीत विचारलं.

"तडा गेला आहे. माझ्या आईची शेगडी आहे. गुरुवारी तुम्ही हात वर केला तो हिच्याविरुद्ध."

"हो," गुरुदत्त म्हणाला. "केला खरा." त्याने हात पँटला पुसले आणि तो ब्रॅडींकडे वळला. "वॉल्टर, सेक्रेटरी मी आहे, नोटिसा मीच लिहितो. आजची लिहीन. माझ्या स्वतःच्या नावाने. यापुढे लिहिणार नाही. मी चुकीचं मत दिलं आणि पुढच्या मीटिंगला हा नियम रद्द करायचा ठराव मांडणार आहे."

"तुझं नाव मी सुचवलं होतं, गुरू."

"विसरलो नाही. बर्फ उपसलंत तेही विसरलो नाही. पण त्याच्या बदल्यात हे द्यायचं नव्हतं."

ब्रॅडी चिमटा घेऊन परत गेले. तामुराबाईंनी बांगडा उलटला.

घरातलं भांडण त्यानंतर झालंच, आणि चांगलं लांबलं. गुरुदत्तला राग नियमाचा नव्हता, चारचौघांत झालं त्याचा होता. वसुधाला ते मान्य नव्हतं. तू मला आधी सांगायचंस, तो म्हणाला. मी आधी विचारलं होतं, ती म्हणाली, तेव्हा तुम्ही पाणी पीत होतात. दोन दिवस रुपाली दोघांमध्ये निरोप्याचं काम करत होती. मग एका सकाळी वसुधाने डब्यात भरीत दिलं, आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये त्याने ते गरम केलं. कुणीतरी विचारलं की हा वास कसला. माझ्या जेवणाचा, असं त्याने सांगितलं. एवढं त्याने घरी येऊन वसुधाला सांगितलं, आणि तिने ऐकून घेतलं.

ब्रॅडींनी ठराव दोनदा पुढे ढकलला. या काळात नोटिसा ते स्वतः लिहून आणत आणि दाराच्या फटीत खोचत, एक झांबऱ्यांकडे, एक तामुराबाईंकडे. कागद चांगला जाड होता. तामुराबाई त्याच्या सुरळ्या करून कोळशाखाली घालायच्या, आणि म्हणायच्या की फोर्ट लीच्या जपानी दुकानातल्या वर्तमानपत्रापेक्षा हा बरा पेटतो. शेगडी एका रविवारी या पॅटिओवर, एका रविवारी त्या. पाऊस आला तर छत्री धरून. आणखी कुणी येऊन सामील झालं असं नाही. डावीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या शिक्षिकेने एकदा कणसं आणून दिली, तेवढंच. उजवीकडच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

ऑक्टोबरच्या मीटिंगला गुरुदत्तने ठराव मांडला तो वेगळाच. नियम रद्द करा असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "आगीचा धोका खरा आहे, मला पटलंय. मग सूट काढून टाकू. मातीची असो की धातूची, कोळशाची प्रत्येक शेगडी बंद."

खोलीत एकदम कालवा झाला. ऑगस्टमधल्या त्या मीटिंगला गप्प बसलेली माणसंसुद्धा उठून उभी राहिली. चार जुलैचा स्वातंत्र्यदिन काय सँडविच खाऊन साजरा करायचा का, असं एकाने विचारलं. हा कसला हुकूमशाहीचा कारभार, असं दुसऱ्याने. गुरुदत्तने सगळ्यांना बोलू दिलं.

"म्हणजे कोळशाचा धोका एवढा काही नाही?" त्याने शेवटी विचारलं. "मग एका बाईपुरता तो मोठा कसा होतो, तेवढं मला समजावून सांगा. मी मिनिट्समध्ये लिहून घेतो."

ठराव पडला, आणि त्याच्या मागोमाग मूळ नियमही मागे घेण्यात आला. ब्रॅडींनी मत दिलं नाही. बाहेर पडताना त्यांनी तामुराबाईंसाठी दार धरलं. तामुराबाईंनी आभार मानले, पण थांबल्या नाहीत.

याची किंमत गुरुदत्तला जानेवारीच्या निवडणुकीत मोजावी लागली. ब्रॅडींनी दुसऱ्याचं नाव सुचवलं आणि लोकांनी त्याला निवडून दिलं. गुरुदत्तच्या बाजूने हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी मतं पडली. संध्याकाळी तो क्लबहाउसमधून चालत घरी निघाला तेव्हा बर्फ थांबलं होतं. मागच्या बाजूने आला. आपल्या पॅटिओवर कुणीतरी फावड्याने गोल जागा मोकळी केली होती आणि त्यात शेगडी पेटली होती. वसुधा, रुपाली आणि तामुराबाई कोट आणि टोप्या घालून भोवती बसल्या होत्या. जाळीवर कुटलेल्या चिकट भाताच्या पांढऱ्या वड्या होत्या. जपानी नव्या वर्षाच्या. आच लागली की त्या पुरीसारख्या टम्म फुगत होत्या, आणि फुगली की रुपाली ती चिमट्याने उलटत होती.

"काय झालं?" वसुधाने विचारलं.

"पडलो," गुरुदत्त म्हणाला. "चांगलाच पडलो."

"वाईट वाटतंय?"

त्याने विचार केला. "थोडं. मीटिंगमध्ये जास्त वाटत होतं."

तामुराबाईंना मराठी कळत नव्हतं, पण चेहऱ्यावरून काय ते कळलं. त्यांनी सरकून स्टुलावर जागा केली, एक वडी सोया सॉसमध्ये बुडवली, समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळली आणि त्याच्यापुढे धरली.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "आणि चिकट. हळू खा, घशात अडकते."